टर्बोचे विमान हाती घेण्याआधी

(प्रस्तावना)

सेसना-१५२ वर शिकलेला वैमानिक टर्बोचार्जर असलेल्या विमानात पहिल्यांदा बसतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त अडचणीत आणतो तो त्याचा स्वतःचाच उजवा हात. त्या हाताला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. उड्डाण करायचे, थ्रॉटल शेवटपर्यंत आत. उतरताना काही चुकले आणि पुन्हा वर जायचे, तरी थ्रॉटल शेवटपर्यंत आत. लायकॉमिंगच्या ११० अश्वशक्तीच्या त्या साध्या इंजिनाला यात धोका नसतो, कारण बाहेरच्या हवेचा जेवढा दाब आहे त्याहून जास्त दाबाची हवा ते आत घेऊच शकत नाही. टर्बोच्या इंजिनाला हे कुंपण नाही. तिथे हवा दाबून भरली जाते, आणि काही विमानांत तरी ती किती भरायची हे शेवटी वैमानिकाच्या बोटांवर ठरते. जुन्या सवयीने थ्रॉटल भसकन पुढे गेला की इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाची, म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशरची सुई लाल रेषा ओलांडते. तेव्हा वैमानिकाची नजर बहुधा समोरच्या धावपट्टीवर असते.

ही पुस्तिका त्या सवयीविषयी आहे. टर्बोचार्जर म्हणजे काय, हे कोणत्याही इंजिनाच्या पुस्तकात सापडेल. ते इथेही आहे, पण थोडक्यात. मला जास्त सांगायचे आहे ते असे की टर्बो इंजिनाला जे देतो ते फक्त इंजिनाला देतो. पंख, प्रोपेलर, ब्रेक, इंधनाचे मिश्रण आणि वैमानिकाचे फुप्फुस यांना त्यातले काही मिळत नाही. नव्या वैमानिकाच्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा विसर पडल्याने होतात.

पुस्तिका मराठीत का, याचेही कारण सांगायला हवे. बारामतीच्या एमआयडीसीतला विमानतळ आपल्या भागातल्या कोऱ्हाळे बुद्रुकपासून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथे कार्व्हर आणि रेडबर्डसारख्या संस्थांत देशभरातून मुले-मुली वैमानिक व्हायला येतात. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या उसावरून त्यांची दोन आसनी विमाने रोज जातात. शिकणाऱ्यांत आता आपल्या भागातली मुलेही आहेत. त्यांची पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, रेडिओवरचे बोलणेही इंग्रजीत. ते तसेच असायला हवे, कारण आकाशात सर्वांची भाषा एक असणे हा सुरक्षिततेचा भाग आहे. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा ‘क्रिटिकल अल्टिट्यूड’ची, म्हणजे टर्बो जिथपर्यंत पूर्ण दाब टिकवू शकतो त्या उंचीची, व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतो आणि त्या उंचीच्या वर गेल्यावर सुई का खाली येते हे विचारले की गप्प बसतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. पाठांतराने परीक्षा सुटते. सहा हजार फुटांवर एखादा आकडा अचानक बदलला की पाठांतर हाताशी येत नाही. ज्या भाषेत आपण शेताचा, पैशाचा, घरच्या दुखण्याचा विचार करतो, त्या भाषेत ही गोष्ट एकदा नीट बसली पाहिजे. त्यानंतर ती इंग्रजीत म्हणता येतेच.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब पाऱ्याच्या २९.९२ इंचांइतका धरतात. खालच्या थरांत दर हजार फुटांना तो साधारण एका इंचाने उतरतो. बारामतीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अठराशे ते दोन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे धावपट्टीवर उभे असतानाच आपण सुमारे दोन इंच गमावलेले असतात. आठ हजार फुटांवर साध्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटल देऊनही बावीस इंचांच्या आसपासच हवा मिळते. जेवढी हवा कमी तेवढे जाळता येणारे इंधन कमी, आणि तेवढी शक्तीही कमी. याला उपाय म्हणून इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका छोट्या चक्रावर सोडतात. ते चक्र मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. धूर किती सोडायचा आणि किती बाजूने काढून द्यायचा हे ठरवणारी झडप म्हणजे वेस्टगेट. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड बुखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या आजच्या कित्येक ट्रॅक्टरच्या बॉनेटखालीही हेच यंत्र असते.

विमानाला ते बसवण्याची गरज पहिल्या महायुद्धात तीव्र झाली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,१०९ फूट उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० पर्यंत उतरले. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर त्याने ३५६ दिली. प्रयोगाचे यश एवढ्या एका ओळीत सांगता येते. मात्र तो जमिनीवर उभ्या असलेल्या इंजिनावर झाला होता, हे ध्यानात ठेवा. त्या इंजिनाला पंख नव्हते, आणि ते चालवणाऱ्याला वाऱ्यात विमान सरळ ठेवायचे नव्हते.

पुणे जिल्ह्याचे या यंत्राशी नाते आजचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी बनावटीची बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या तळावर सोडून दिलेली होती. ती पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून सोडून जाणाऱ्यांनी त्यांची मोडतोडही केली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने ती दुरुस्त करायला घेतली, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक विमान कानपूरहून उडवत बंगळूरला आणले. अशी सुमारे चाळीस विमाने उभी राहिली. प्रत्येक लिबरेटरला चार इंजिने आणि प्रत्येक इंजिनाला टर्बो. यातली काही विमाने घेऊन भारतीय हवाई दलाची सहा क्रमांकाची तुकडी १९५१ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर नव्याने उभी राहिली. समुद्रावर टेहळणी हे तिचे काम होते, आणि हवाई दलाने लिबरेटर १९६८ पर्यंत वापरले. अनोळखी, जुने, कोणी मुद्दाम बिघडवून ठेवलेले टर्बोचे विमान हाती घेणे म्हणजे काय, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आपल्या देशात मला माहीत नाही. मुन्शींच्या हिमतीचे कौतुक सगळेच करतात. हिमतीएवढेच कौतुक, विमान हलवण्याआधी जमिनीवर झालेल्या कामाचे व्हायला हवे, असे मला वाटते.

आजचा विद्यार्थी ज्या टर्बोच्या विमानांपर्यंत पोहोचतो ती फार लहान आहेत. दोन इंजिनांचे पायपर सेनेका १९७५ पासून टर्बोसह मिळू लागले आणि भारतात कित्येकांनी दोन इंजिनांचे पहिले धडे त्याच्यावर घेतले. डायमंड डीए-४२ हे दुसरे. आपल्याकडे गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर डायमंडची विमाने शिकवण्यासाठी वापरली जातात. डीए-४२ एनजीची दोन्ही ऑस्ट्रो इंजिने टर्बोडिझेल आहेत, प्रत्येकी १६८ अश्वशक्तीची, आणि ती जेट विमानांच्याच इंधनावर चालतात. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांना लागणारे एव्हगॅस आपण वर्षानुवर्षे बाहेरून आणत होतो. इंडियन ऑइलने बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यातले देशी एव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. डिझेलच्या विमानांकडे शाळा वळण्यामागे हे इंधनाचे कारणही मोठे होते. तिसरा गट रोटॅक्स इंजिनांचा. टेकनामच्या पी-२००८ जेसीमध्ये १०० अश्वशक्तीचे, टर्बो नसलेले रोटॅक्स ९१२ असते. त्याच घराण्यातले ९१४ टर्बोसह ११५ अश्वशक्ती देते, पण ती पाचच मिनिटांसाठी. चौथा गट खासगी मालकांच्या विमानांचा, उदाहरणार्थ ३१५ अश्वशक्तीचे सिरस एसआर-२२टी.

‘टर्बो’ हे नाव एकच असले तरी हातात ही चारही वेगळी लागतात, आणि पुस्तिकेतली सर्वांत लांब प्रकरणे याच फरकावर आहेत. जुन्या सेनेका-२ मध्ये वेस्टगेट स्थिर असतो, आपोआप कमीजास्त होत नाही. जमिनीवर थ्रॉटल तळाला टेकवला तर इंजिन मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून तिथे थ्रॉटल आकड्यावर लावतात, तोही एक-दोन इंच राखून, कारण विमानाने वेग घेतला की आत येणारी हवा वाढते आणि हात न लावताही सुई थोडी वर सरकते. दोन इंजिने असल्याने दोन सुया, आणि त्या सहसा जोडीने चढत नाहीत. स्वयंचलित वेस्टगेट असलेल्या इंजिनात हे काम नियंत्रक करतो, पण कित्येक इंजिनांत तो नियंत्रक इंजिनाच्याच तेलाच्या दाबावर चालतो. सकाळच्या पहिल्या उड्डाणात तेल पुरेसे गरम झाले नसेल तर झडप उशिरा उघडते आणि सुई क्षणभर रेषेपुढे जाते. रोटॅक्स ९१४ मध्ये झडप संगणक हलवतो. लीव्हर शंभर टक्क्यांच्या पुढे नेताना १०८ ते ११० टक्क्यांच्या पट्ट्यात तो दाबाची पातळी झपाट्याने बदलतो. त्या पट्ट्यात लीव्हर थांबवायचा नसतो, सफाईने पार करायचा असतो. डायमंडच्या डिझेलमध्ये मिश्रणाचा लीव्हर नाही, प्रोपेलरचा लीव्हर नाही, प्रत्येक इंजिनाला एकच लीव्हर आणि बाकी सगळे संगणकाकडे. ते सोपे वाटते आणि बऱ्याच अंशी सोपे आहेही. मात्र तो संगणक विजेवर चालतो. साध्या सेसनात बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही गेले तरी मॅग्नेटोवर इंजिन चालत राहते, ही जी खात्री मनात घट्ट असते ती इथे सोडावी लागते. वीजपुरवठ्याचे प्रकरण या विमानात इंजिनाच्या प्रकरणाइतकेच मन लावून वाचायला हवे.

सुई रेषेपुढे गेली तर नेमके काय बिघडते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. हवा दाबली की ती तापते. तापलेल्या, दाबलेल्या हवेत इंधन मिसळून सिलिंडरमध्ये आणखी दाबले की कोपऱ्यातले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम फुटते. यालाच डेटोनेशन म्हणतात. म्हणूनच टर्बोच्या पेट्रोल इंजिनांत सिलिंडरमधले दाबाचे गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवतात. सेसना-१५२ च्या इंजिनात ते ८.५ असते, तर सेनेका-२ च्या कॉन्टिनेन्टलमध्ये ७.५. काही इंजिनांत हवा थंड करायला इंटरकूलर असतो. ही सगळी राखलेली जागा आहे, आणि अविचारी हात तीच खाऊन टाकतो. एका वेळच्या चुकीने इंजिन बहुधा बंद पडत नाही. नुकसान आत राहते आणि नंतर दुसऱ्याच कोणाच्या उड्डाणात बाहेर येते. त्यासाठी सुई रेषेपुढे गेल्याची प्रत्येक घटना, किती इंच आणि किती सेकंद यासह, लिहून कळवायची असते. विमान अनेकांचे असते, म्हणून ही गोष्ट मला तांत्रिक बाबीपेक्षा मोठी वाटते. नोंद केली म्हणून विद्यार्थ्याला रागावणाऱ्या शिक्षकाने आधी याचा विचार करावा.

आता पंखांकडे वळू, कारण बारामतीच्या उन्हाळ्यात धडा तिथे आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ वर असतो. दोन हजार फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. फरक ३१ अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने धावपट्टीवरची हवा प्रत्यक्षात ५,७०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची जवळपास सहावा हिस्सा शक्ती तिथेच जाते, आणि इंजिनाचा जड आवाज व रेंगाळणारी धाव यांवरून विद्यार्थ्याला ते कळतेही. टर्बोच्या विमानात ही सूचना मिळत नाही. सुई नेहमीच्या जागी, आवाज भरदार, पाठीला सीटचा दाब जाणवतो. पंख मात्र त्याच विरळ हवेत आहेत. वेगदर्शकावर नेहमीचा आकडा येईपर्यंत विमानाचा जमिनीवरचा खरा वेग सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त झालेला असतो, आणि तेवढा वेग गाठायला धावपट्टी पाचव्या-सहाव्या हिश्श्याने जास्त लागते. उतरताना तोच जास्तीचा वेग ब्रेकना थोपवावा लागतो. इंजिनाच्या जोरावर विसंबून धावपट्टीचा हिशेब न करणे, हे टर्बोच्या विमानातले पहिले आमिष आहे. जास्त शक्ती म्हणजे उड्डाणाच्या वेळी नाक डावीकडे ओढणारा जोरही जास्त. उजवा पाय सेसनात जेवढा लागे तेवढाच लावला तर विमान धावपट्टीची मधली रेषा सोडते.

दुसरे आमिष वेगाचे. त्याचा हिशेब आपल्याच गावांवरून मांडतो. पश्चिमेकडून शिरवळ, नीरा, कोऱ्हाळे या बाजूने बारामतीला यायचे आहे, उंची आठ हजार फूट, वारा नाही असे धरू. सर्किटसाठी, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवती घ्यायच्या फेरीसाठी, तीन हजारांवर यायचे, म्हणजे पाच हजार फूट सोडायचे. मिनिटाला पाचशे फूट या सावकाश गतीने दहा मिनिटे लागतील. नव्वद नॉटने जाणारी सेसना दहा मिनिटांत पंधरा नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २८ किलोमीटर काटते. तेव्हा कोऱ्हाळे जवळ आले की खाली यायला सुरुवात करायची, हे सेसनावाल्याच्या अंगवळणी पडते. १८० नॉटच्या विमानाला त्याच दहा मिनिटांत तीस नॉटिकल मैल, म्हणजे ५५ किलोमीटर लागतात. शिरवळ मागे पडून थोडाच वेळ झाला असतानाच त्याने खाली यायला लागले पाहिजे. जुन्या सवयीने तो कोऱ्हाळ्यापर्यंत थांबला, तर त्याच्या हाती चार मिनिटांहून थोडाच जास्त वेळ उरतो आणि मिनिटाला बाराशे फुटांनी उतरावे लागते. मग तो दोनपैकी एक करतो. नाक खाली घालून वेग पिवळ्या पट्ट्यात नेतो, नाहीतर थ्रॉटल एकदम मागे ओढून तापलेले इंजिन गार वाऱ्यात सोडतो. त्यानंतर फ्लॅपच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने तो सर्किटमध्ये शिरतो, समोर तीन शिकाऊ विमाने गोल फिरत असतात आणि रेडिओवर त्याला स्वतःची जागा नीट सांगताही येत नाही. एवढी सगळी घाई तेव्हा झालेल्या एकाही चुकीमुळे नसते. ती नीरेच्या पश्चिमेला न घेतलेल्या एका निर्णयामुळे असते.

उंचीचे आमिष तिसरे. टर्बोचे विमान बारा, पंधरा, काही अठरा-वीस हजार फुटांवरही आनंदाने जाते. माणसाचे तसे नाही. आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की दहा ते तेरा हजार फुटांच्या मध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचे तर वैमानिकाने ऑक्सिजन वापरावा, आणि त्याच्या वर तो कायमच लागतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी जातो तो निर्णय घेण्याचा नेमकेपणा, आणि त्याच वेळी मनाला सगळे उत्तम चालले आहे असे वाटत राहते. सह्याद्रीवर पावसाळी ढग उभे असताना ‘वरून निघून जाऊ’ ही कल्पना टर्बोमुळे सहज सुचते. ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली नसेल तर ती कल्पना मनातून काढून टाका.

उष्णतेचे प्रकरण पुस्तिकेत आकृत्यांसह आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. चक्रावर येणाऱ्या धुराचे तापमान दाखवणारा काटा सेसनात नसतो. टर्बोत तो असतो, आणि कित्येक इंजिनांत त्याची मर्यादा १,६५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ९०० सेल्सिअस आहे. मिश्रण पातळ करताना नजर त्याच्यावर हवी. दुसरे, उतरल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही. तापलेल्या चक्राच्या बेअरिंगला वंगण मिळते ते इंजिन चालू असेपर्यंतच. ते थांबले की उरलेले तेल तिथेच जळून काळा थर होतो. हँडबुक सांगेल तेवढी मिनिटे ते मंद चालू ठेवावे. उसाची खेप टाकून आलेला जाणता ट्रॅक्टरचालक इंजिन थोडा वेळ फिरू देऊन मगच चावी काढतो, त्यामागचे कारणही हेच.

टर्बो हवेत बिघडला तर? बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात की शक्ती कमी होईल आणि विमान साध्या इंजिनासारखे चालेल. हे अर्धेच बरोबर आहे. जास्त उंचीवर हवा अचानक घटली की इंधन तेवढेच राहते, मिश्रण फार दाट होते आणि इंजिन गुदमरून बंदही पडू शकते. तिथे मिश्रण पातळ करावे लागते. त्याहून गंभीर म्हणजे टर्बोमधून जाणारे तेल. बेअरिंग फुटले तर इंजिनाचे तेल धुराच्या नळीतून बाहेर जाऊ लागते, आणि धुराची नळी तडकली असेल तर तापलेली ज्वाला बॉनेटखाली सुटते. म्हणून मॅनिफोल्ड प्रेशर विनाकारण पडले की पुढची नजर तेलाच्या दाबावर जायला हवी आणि मनात जवळच्या धावपट्टीचे नाव तयार हवे. उड्डाण पुरे करायचा विचार तिथे संपतो. त्याच कुटुंबातली दुसरी बाब इंधनाच्या विजेच्या पंपाची. सेसना-१५२ ला तो नसतोच. काही कॉन्टिनेन्टल इंजिनांत इंजिन नीट चालू असताना हा पंप ‘हाय’वर टाकला तर इंधनाचा पूर येऊन इंजिन थांबू शकते. घाबरून सगळी बटणे वर करणारा हात इथे चांगले इंजिन बंद पाडतो.

हे सगळे वाचून घरच्यांना काळजी वाटेल, याची मला जाणीव आहे. आपल्या भागाने अपघात जवळून पाहिले आहेत. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात शिकाऊ सेसना-१५२ कोसळले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये १९ आणि २२ तारखेला बारामतीजवळ दोन टेकनाम पडली. तिन्ही वेळा माणसे वाचली. यातले एकही विमान टर्बोचे नव्हते, आणि त्या अपघातांचा या पुस्तिकेच्या विषयाशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण शेतात पडलेले विमान बघायला धावलेल्या माणसांच्या मनात जे राहिले आहे ते खोटे नाही. मुलीच्या किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घराला तासांचा हिशेब पैशांत करावा लागतो, आणि ‘आणखी दोन तास शिक्षकाबरोबर’ म्हणजे आणखी खर्च. तरीही पालकांना माझे सांगणे आहे की कुठे काटकसर करायची असेल तर ती नव्या विमानावरच्या पहिल्या तासांत करू नका.

नियमांबद्दल थोडेसे. युरोपात टर्बो किंवा सुपरचार्जर असलेले इंजिन ही, एका विमानावरून वेगळ्या विमानावर जाताना घ्यायच्या, फरकाच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र बाब आहे. ते घेतल्याशिवाय आणि वहीत नोंद झाल्याशिवाय तिथला वैमानिक एकट्याने ते विमान नेत नाही. अमेरिकेत टर्बो म्हणून शिक्षकाची वेगळी सही लागत नाही, २०० पेक्षा जास्त अश्वशक्ती असेल तर लागते. आपल्याकडे परवान्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद करावी लागते. मला यात युरोपची पद्धत शहाणपणाची वाटते. अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा ती शक्ती कशी तयार होते हे वैमानिकासाठी महत्त्वाचे आहे. ११५ अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१४ अमेरिकी नियमातून सहज सुटते, आणि त्याच्या लीव्हरची शिस्त मात्र ३०० अश्वशक्तीच्या साध्या इंजिनापेक्षा कडक आहे. कागदावर दोनशे तास भरले की व्यावसायिक परवान्याची अट पुरी होते. नव्या विमानाच्या बाबतीत त्या दोनशे तासांनी फक्त शिकण्याची पात्रता आलेली असते.

पुस्तिका वापरायची पद्धत साधी आहे. प्रत्येक प्रकरणानंतर उभ्या विमानात बसून करायचे सराव दिले आहेत. इंजिन बंद, हात लीव्हरवर, तोंडाने आकडा म्हणत. उड्डाणाचा आकडा, तो गाठताना थांबायची जागा, पुन्हा वर जाताना हाताचा वेग, खाली यायला लागायची वेळ. एकट्याने करू नका. शेजारी सहाध्यायी किंवा शिक्षक बसवा आणि मध्येच त्याला ‘सुई पडली’ म्हणू द्या. मुलींनी आणि मुलांनी शिक्षकाला प्रश्न विचारायला लाजू नये. ‘सर, हे मला कळलं नाही’ हे वाक्य जमिनीवर बोलायला काहीही लागत नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. या पुस्तिकेतले इंच, अंश, नॉट आणि मिनिटे समजावून सांगण्यासाठी दिली आहेत. एकाच नावाच्या दोन विमानांतही इंजिन, नियंत्रक आणि मर्यादा वेगळ्या असू शकतात. उड्डाणासाठी आकडे घ्यायचे ते तुम्ही ज्या विमानात बसणार आहात त्याच विमानाच्या हँडबुकातून, आणि तेही दरवाजा उघडण्याआधी.